डोळ्यांनी पाहिलेला पत्ता

माझे मालक वारले तेव्हा शेजारचे मेश्राम सगळ्यांच्या आधी आले. त्यांनी मालकांच्या तोंडावरची चादर उचलली, नीट पाहिलं, चादर परत ठेवली आणि म्हणाले, "खरं हाये." मग भिंतीशी बसून रडले. माझ्या नणंदेला फार राग आला. मला आला नाही. माणूस कसा आहे ते मला ठाऊक होतं.

मेश्राम इथल्या स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात होते. माणूस कामावर आला का ते बघायचं आणि मग लिहायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. सेक्टर दहातल्या आमच्या गल्लीत कोणी काहीही सांगो, त्यांचा प्रश्न एकच, "डोयानं पाह्यलं का?" नळाचं पाणी गेलं असं मी ओरडले तर ते घरात येऊन माझा नळ सोडून बघतात. त्यांचा मुलगा पुण्याहून फोन करतो, बाबा, मी मजेत आहे. मेश्राम फोन ठेवून मला म्हणतात, "म्हन्ते तर तसा. पाह्यलं कोनं?" बायको गेल्यावर मुलाच्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं. ती भाड्याने द्या असं मी एकदा बोलले, तर आठवडाभर माझ्या दारावरून मान वळवून जात होते.

अशा माणसाला एका संस्थेने रिपोर्ट लिहायला बसवलं. सैन्यातून सुटल्यावर ज्यांना घरदार उरलं नाही अशा फौजींना ही संस्था काम मिळवून देते. सुरुवातीचे काही महिने अर्धा पगार सरकारी अनुदानातून जातो. त्यासाठी ठरल्या वेळी सरकारला कळवावं लागतं, की माणूस कामावर टिकला आहे आणि छपराखाली राहतो आहे. दुसऱ्या कोणी फोनवर विचारून लिहून टाकलं असतं. मेश्राम स्कूटर काढत. एक फौजी ड्यूटीवर बिडी ओढताना दिसला, तर यांनी लिहिलं, 'कामावर आहे. काम करताना पाहिला नाही.' संस्थेच्या सचिव मॅडमनी दुसरं वाक्य खोडलं. यांनी ते परत लिहिलं.

मग साहू हवालदार आला. भावांनी घर विकलं, तेव्हापासून तो पावर हाउस रेल्वे स्टेशनच्या बाकावर झोपायचा. संस्थेने त्याला सिविक सेंटरच्या एका कपड्याच्या दुकानात चौकीदार लावलं. काम चोख करायचा, पण ड्यूटी सुटली की परत त्याच बाकावर. एकट्या माणसाला, ज्याच्याजवळ एक ट्रंक आहे फक्त, खोली कोण देणार? तशात रिपोर्टाची वेळ आली. राहण्याचा पत्ता नसला तर साहूचं अनुदान बंद होणार होतं, आणि दुकानदाराने आधीच सांगितलं होतं, अनुदान थांबलं तर तुमचा माणूस घेऊन जा.

सचिव मॅडम स्वतः मेश्रामांच्या घरी आल्या. पोरगी मराठीच, आमच्या इकडची, पण घाईत असली की हिंदीवर जाते. मी कुंपणाशी मिरच्या वाळत घालत होते.

"काका, कोणाचाही पत्ता लिहून टाका ना. कौन देखने आता है?"

"मी जातो ना."

"मग तुमचाच लिहा! घ्या, झालं?" ती वैतागून बोलली.

मेश्रामांनी रिपोर्टाचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "लिहितो. पन उद्या. आज थो माह्या घरी राहात नाई."

संध्याकाळी ते माझ्याकडे खोबरेल तेल मागायला आले. कुलूप गंजलं होतं. कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सकाळी पुन्हा दारात हजर.

"वहिनी, चला बरं माह्या घरी."

"कावून?"

"साहू राह्यते का नाई थे पाहा. आपल्या घरची हाजिरी आपनच कशी लावाव? प्लांटात चालत नोतं."

गेले. मुलाच्या खोलीत साहू ट्रंकेशेजारी ताठ उभा होता. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती.

"रात्री इथंच होतास का रे?" मी विचारलं.

"हव दाई. इहें सुते रहेंव." इथंच झोपलो होतो, असं तो त्याच्या बोलीत म्हणाला.

"खाली झोपला, वहिनी!" मेश्राम तक्रार केल्यासारखे म्हणाले. "एवढा पलंग झाडून देल्ला, अन हा खाली झोपला."

"सरकार छप्पर विचारून राह्यलं, पलंग नाई. लिहा," मी म्हटलं. चौथीपर्यंत शिकले आहे, सहीपुरतं येतं. साक्षीदार म्हणून सही केली आणि घरी आले.

साहू टिकला. अनुदानाची मुदत संपली, तरी दुकानदाराने त्याला ठेवून घेतलं, पूर्ण पगारावर. रिपोर्टही संपले. मी मेश्रामांना म्हटलं, "आता त्याले दुसरी खोली पाहू द्या. सरकार काई विचारत नाई."

"हो, पाहू," ते म्हणाले. ती दुसरी खोली अजून कोणी पाहिलेली नाही.

रोज संध्याकाळी ड्यूटी सुटायच्या वेळेला मेश्राम फाटकाशी येऊन उभे राहतात. परवा साहूला उशीर झाला. मी तुळशीला पाणी घालत होते.

"फोन करा ना त्याले," मी म्हटलं.

"केला. निंगालो म्हन्ते." पण नजर वळणावरून हटेना. आत कुकरची शिट्टी झाली, तरी जागचे हलले नाहीत.

शेवटी वळणावर सायकल दिसली.

"आला," मेश्राम मला म्हणाले.

मी तिथंच उभी होते, आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत.

"बरं झालं सांगितलं," मी म्हटलं आणि आत गेले.