नवव्या होलवरची स्कूटर

बिराजदारकाका रोज सकाळी आमची बेल वाजवायचे आणि स्कूटर काढायला सांगायचे, कारण ती नवव्या होलवर उभी असायची.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ड्रेनेजचं झाकण वगैरे असेल. दात घासता घासता खाली गेलो, तर पार्किंगच्या कोपऱ्यात नुसती काळपट वाळू. काका तिथं पांढरी टोपी, पायजमा आणि लेकाचे जुने बूट अशा थाटात उभे. हातात लोखंडी टोकाची लांब काठी. “घ्या की जरा बाजूला,” म्हणाले. “मागनं कोण आलं तर खोळंबा हुईल.” मी मागे पाहिलं. कोणी नव्हतं. भिंतीपलीकडे एक म्हैस रवंथ करत होती. मी मुकाट्याने स्कूटर काढली.

मग हळूहळू उलगडा होत गेला, म्हणजे गोंधळ वाढत गेला. काका मूळचे होटगीचे, रेल्वेच्या कचेरीतून रिटायर झालेले, आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारे. त्यांचं म्हणणं असं की आमची सोसायटी, समोरची दातांच्या डॉक्टरांची इमारत, दूध डेअरी आणि मंगल कार्यालय हे सगळं गोऱ्या साहेबांच्या गोल्फच्या मैदानावर बसलेलं आहे. साहेब गेल्यावर आपले लोक खेळले, काकाही खेळले, मग प्लॉट पडले आणि मैदान गेलं. गेलं म्हणजे आमच्या दृष्टीने. काकांच्या दृष्टीने ते आहे तिथंच आहे, मधे थोडं बांधकाम आलंय एवढंच.

त्यामुळे ते रोज सकाळी पूर्ण मैदान, नऊच्या नऊ होल, खेळतात. डेअरीपाशी पहिला फटका. कार्यालयाची भिंत आडवी आली की चेंडू उचलून गेटमधून पलीकडे नेतात आणि पुढे चालू. याचा दंड लागत नाही का, असं मी एकदा विचारलं. “दंड कशापायी? भिंत नंतर आलीय की,” म्हणाले. तिसरं होल दातांच्या दवाखान्यात आहे. काका चपला काढाव्यात तसे बूट काढून आत जातात, खुर्चीपाशी क्षणभर वाकतात आणि बाहेर येतात. डॉक्टर पूर्वी त्यांना नंबर द्यायचे. हल्ली नुसतं “झालं का, काका?” म्हणतात. चेंडू पूर्वी खरा होता. वॉचमनच्या केबिनची काच गेल्यापासून तो रबरी झाला.

मी एकदा धीर करून म्हटलं, गोल्फला हिरवळ लागते ना? टीव्हीवर तर गालिच्यासारखी दिसते. काका हसले. सोलापुरात गवताला पाणी कुठलं, म्हणाले. इथं होलभोवती गोल वाळू असायची. तिच्यात इंजिनाचं जळकं ऑइल कालवायचे, म्हणजे ती उडत नसे आणि चेंडू सरळ घरंगळत जाई. खेळून झालं की प्रत्येकाने त्या वाळूवरून पोतं ओढायचं, आपल्या पायाचे ठसे मोडायचे. मागून येणाऱ्याला वाळू कोरी मिळाली पाहिजे. ऑइल पिऊन पिऊन त्या वाळूत तणसुद्धा उगवत नाही, आणि वर बांधकामही आलं नाही, म्हणून नववं होल तेवढं शिल्लक राहिलं. माझी स्कूटर नेमकी त्यावर.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा लंडनचा मुलगा त्यांना स्कॉटलंडला घेऊन गेला. या खेळातलं सगळ्यात जुनं मैदान तिथं आहे, आणि तिथं एकदा खेळायला मिळावं म्हणून जगभरचे लोक ताटकळतात म्हणे. मुलाने खटपट करून काकांचा नंबर लावला होता. आम्ही सगळे कौतुकाने वाट बघत होतो. काका परत आले आणि म्हणाले, लई हिरवं हाय, वारं लई हाय. खेळलात ना? “न्हाय. बगून आलो.” सातासमुद्रापार जाऊन हा माणूस न खेळता परत येतो आणि सकाळी दवाखान्यात शिरतो. मला हा मनुष्य कळेना. खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

एवढ्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवायचे. धुळीला सगळेच वैतागले होते, मीही हात वर केला. नोटीस लावली. मी सेक्रेटरी, त्यामुळे काकांना समजावण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. संध्याकाळी वर गेलो.

दार महादेवीकाकूंनी उघडलं. काकू हल्ली खाली उतरत नसत. गुडघे दुखतात, असं काका सांगायचे. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “तुमी मागनं खेळत होता न्हवं? वाळू सारकी केली का?”

मी काकांकडे पाहिलं. ते खाली मान घालून टोपीची घडी घालत होते. मी “हो” म्हणून टाकलं. काकू समाधानाने आत जाऊन बसल्या.

काकांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि चहाचं आधण ठेवलं. काकूंना आताचं काही लक्षात राहत नाही, ते हळू आवाजात सांगू लागले. जेवण झालं की नाही हे आठवत नाही, लंडनच्या लेकाचं नावही कधीकधी सापडत नाही. पण मैदान सगळं आहे. हिचे वडील तिथली वाळू राखायचे आणि ही लहानपणापासून पोतं ओढायची. काका नोकरीला नवे असताना वाळूत ठसे तसेच ठेवून निघाले होते, तेव्हा हिने मागून हटकलं होतं: वाळू कोण सारखी करणार? ते तिचं त्यांच्याशी पहिलं बोलणं.

“रोज सकाळी इचारती, आज खेळ कसा झाला,” काका म्हणाले. “आदी मी बसल्या जागी कायबी सांगायचो. तिला कळायचं. तोंड फिरवायची. मग म्हटलं, हिच्यासंगं खोटं कशाला? खेळून यायचं आन सांगायचं.”

“आणि स्कॉटलंड?”

“तितलं खेळून हिला काय सांगू? ते मैदान हिला ठावं न्हाय.”

चहा उतू गेला. त्यांनी फडक्याने ओटा पुसला. पेव्हर ब्लॉकचा विषय कसा काढावा याची मी जुळवाजुळव करत होतो, तोच ते म्हणाले, “बोर्ड वाचलाय मी. नववं गेलं की आटच सांगीन. मदीच का थांबला म्हणून इचारील ती. बगू.”

मला फार वाईट वाटलं. निघताना काकूंनी पुन्हा विचारलं, वाळू सारखी केली का? मी “करतो, काकू” म्हणालो, खाली आलो आणि वॉचमनच्या देखत एक रिकामं पोतं वाळूवरून ओढलं. माझ्या स्कूटरच्या चाकोऱ्या जायला बराच वेळ लागला.

पेव्हर ब्लॉक बसले. कोपऱ्यात मात्र वाळूचा एक गोल उघडा राहिला आहे. हे काय, असं कमिटीने विचारलं तेव्हा मी सांगितलं की पावसाचं पाणी मुरायला जागा सोडली आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पर्यावरणाबद्दल माझ्या अभिनंदनाचं पत्रही बोर्डावर लागलं.

मला गोल्फ अजून कळत नाही. स्कूटर आता गेटपाशी असते, त्यामुळे बेल वाजत नाही, तरी मी उठतो. काकांचं नववं होल झालं की त्यांची काठी घेऊन एकदा चेंडू मारतो, म्हणजे खोटं होत नाही. तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काकूंचा आवाज येतो, “मागनं कोण हाय?”

काका वर बघून म्हणतात, “हाय की,” आणि मी पोतं उचलतो.