हात करून जा

आमच्या बाळकुमच्या सोसायटीतून गाडी बाहेर काढायची तर भोईरकाकांना हात करावाच लागतो. विसरलात, तर काका गाडीसमोरून हलत नाहीत. हॉर्न वाजवा, काच खाली करून चिडा, लाल पट्टी लावलेली जुनी पिन उंच धरून म्हातारा ढिम्म उभा.

काका विमानतळावर होते, थेट विमानाच्या पोटाखाली. ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो, तेव्हा पुढच्या चाकात एक पिन घालतात. ढकलून झालं की ती काढायची आणि लांब उभं राहून कॅप्टनला दाखवायची. त्याने हात केला की विमान निघालं. “केवढा बी मोठा कॅप्टन असू दे,” काका छाती काढून सांगतात, “माझ्याकडं बघितल्याबिगर जायाचा नाय.”

याच तोऱ्यात त्यांनी कचऱ्याची गाडी अडवली, नवरदेवाचीही अडवली. बिचारा फेटा सांभाळत हात करून गेला. तिसऱ्या मजल्यावरचे साने वकील भडकले, “मी सरळ कोर्टात जाईन.”

“जा की,” काका म्हणाले. “पण हात करून जा.”

शेवटी कमिटीने ठराव केला की काकांनी गेटवर उभं राहायचं नाही, राहिले तर पोलिसांत तक्रार. पत्र द्यायचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे माझं. मीही पेटलेलो. या माणसापायी दोनदा ऑफिसला उशीर झालेला.

रविवारी पत्र घेऊन गेलो तर काका एकटेच चहा गाळत होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं. “सही करनार नाय. उद्या पन उभा ऱ्हानार.”

“अहो काका, रिटायर झालात ना? मग हा हट्ट कशाला?”

“काकी गेली. पोरगी लगीन करून तिकडं कॅनडात. या घरातनं भाईर जानारा कोन ऱ्हायलाच नाय रे. मंग मी निरोप कुनाला देऊ?”

मला फार लाज वाटली. त्यांनी पुढे केलेला चहा मी प्यायलो आणि पत्र खिशात घातलं.

संध्याकाळी कमिटीसमोर पत्र टाकलं आणि म्हटलं, “मी हे पुन्हा घेऊन जाणार नाही. काकांना हटवायचं तर आधी दुसरा सेक्रेटरी बघा.”

“डोकं फिरलंय का तुमचं?” साने म्हणाले.

“फिरलंय. वकीलसाहेब, माझ्या घरातून रोज सकाळी तीन माणसं मला ‘येतो’ म्हणून बाहेर पडतात. काकांना कोण म्हणतं?”