मुळाबरहुकूम उल्कावीर

"गाय काढायची नाही," योगेंद्रने पुन्हा एकदा बजावलं. "मुळाशी छेडछाड चालणार नाही."

इंदूरहून आलेला दिग्दर्शक ललित डोकं धरून बसला. 'उल्कावीर' या जुन्या कॉमिकवर तो सिनेमा काढत होता आणि पहिल्या अंकाची एकच प्रत शिल्लक होती, निंबोल्याच्या या केळीवाल्याच्या पोराकडे. प्रकाशन केव्हाच बुडालं होतं. चित्रकार भास्करकाकांकडच्या प्रती वाळवीने फस्त केल्या होत्या. म्हणून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला योगेंद्र सिनेमाचा सल्लागार झाला होता. पडद्यावर पोराचं नाव येणार म्हणून त्याच्या आईने, मालूबाईने, गावभर पेढेही वाटले होते.

"अरे यार, पण गाईला सुपरपॉवर?"

"आहेच ना भो! हे बघा." योगेंद्रने अंक हळुवार उघडला. मुखपृष्ठावर उल्कावीराच्या पिवळ्या पोशाखावर, बरोबर छातीवर, तपकिरी खूण होती. तिसऱ्या पानावर तीच खूण दरोडेखोराच्या मिशीवर, जरा फिकट. पाचव्या पानावर गाईच्या कपाळावर, आणखी फिकट. "शक्ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, अन् जाता जाता कमी होते. ऊर्जेचा नियम आहे."

लहानपणी शाळा बुडवून, केळीच्या बागेत लपून त्याने हा सिद्धांत मांडला होता. ललितने हताश होऊन तो पटकथेत घातला. पोशाखावर खूण आली, पोस्टरवर आली, गाण्यात आली. गायही भाड्याने आली.

निंबोल्यात शूटिंग सुरू झालं. पहिल्याच सकाळी ललितने हौसेने नुकता कापलेला केळीचा घड छातीशी धरून फोटो काढून घेतला. दांड्यातून पाण्यासारखे दोन थेंब त्याच्या पांढऱ्या कुडत्यावर पडले. कुणाचं लक्ष गेलं नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत तिथे तपकिरी डाग उमटला.

"साब तो खुद उल्कावीर बन गये!" कॅमेरावाला ओरडला आणि सगळे हसले.

योगेंद्र हसला नाही. जन्म केळीत गेलेल्या माणसाला चिकाचा डाग ओळखू येऊ नये? पण देवाच्या अंगावर डाग कोण शोधतो! त्याने गुपचूप अंक उन्हात धरला. छाती, मिशी आणि गाईचं कपाळ एकाच्या मागे एक, तंतोतंत एका जागी आले. चीक नुसता झिरपत गेला होता.

सांगावं तर पेढे अंगाशी येणार. न सांगावं तर मुळात सर्वांत मोठी छेडछाड करणारा तो स्वतःच. संध्याकाळपर्यंत त्याने मूग गिळले. मग भास्करकाका आले. पेपर मिलमधून निवृत्त झालेल्या या म्हाताऱ्याला ललितने खास गाडी पाठवून आणलं होतं. काका जाड चष्म्यातून पोस्टर न्याहाळू लागले, तसं योगेंद्रला राहवलं नाही.

"काका, ती खूण तुमची नाही. केळीचा चीक आहे तो. लहानपणी माझ्याच हातून पडला. खोटं नको, काढून टाका म्हणा."

ललितचा चेहरा उजळला. गाईपासून सुटका दिसू लागली होती.

काका पोस्टरकडे बघतच राहिले. मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव होतं, त्याच्यावर ती भव्य खूण. शेजारी पत्रकार वही उघडून उभा होता.

"चीक?" काका म्हणाले. "या खुणेसाठी मी किती तळमळलो, तुला काय ठाऊक! बेटा, तू अंक नुसता वाचलास. समजला नाहीस."

"अन् गाय, काका?" ललितने शेवटची आशा धरून विचारलं.

"गाय तर कथेचा आत्मा आहे!"

पत्रकाराने ते लिहून घेतलं. ललितने लांब श्वास सोडला आणि योगेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. "योगेंद्रजी, तुम्हीच सांगितलंय. मुळाशी छेडछाड चालणार नाही."

मेकअपवाला गाईच्या कपाळावर तपकिरी रंग लावू लागला. योगेंद्रला ते काही सहन होईना.

"एवढा गडद नको," तो पुढे होत म्हणाला. "मुळात फिकट आहे."