मंदाकिनीबाईंचा आठ

मंदाकिनीबाईंनी एकसष्टाव्या वर्षी जपानी भाषेच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा दिगंबररावांनी एवढंच विचारलं, "मराठीत बोलून संपलं का सगळं?"

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई दरवर्षी काहीतरी नवं शिकत. आधी पोहणं झालं, मग कॉम्प्युटर. जपानीचा क्लास सकाळी सातला टिळक रोडवर, आयटीतल्या पोरापोरींबरोबर. तिथे नवऱ्याच्या मागे बसून जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सोमवारी क्लास सुरू होणार होता आणि शुक्रवारी लायसन्सची परीक्षा होती.

स्कूटी शिकवायला दिगंबरराव स्वतः उभे राहिले. नवऱ्याने शिकवायचं म्हणजे निम्मी शिकवणी आणि निम्मे टोमणे, हे आलंच. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीच्या आवारात मधोमध गणपतीचं देऊळ. महिनाभर बाई त्याच्याभोवती फिरल्या.

"आता जरा उलट्या बाजूने फिरव," ते एकदा म्हणाले.

"देवाला उलटी प्रदक्षिणा? मी नाही घालणार."

विषय तिथेच संपला. परिणाम शुक्रवारी फाटकाबाहेर कळला. बाईंना डावीकडे वळताच येईना. मग डावीकडे जायचं असलं की त्या तीनदा उजवीकडे वळू लागल्या. मागे बसलेल्या दिगंबररावांना एकच दवाखाना चार वेळा दिसला.

"डॉक्टर आता हात करायला लागलेत मला," ते म्हणाले.

आरटीओत इन्स्पेक्टर सर्जेराव वैतागूनच उभे होते. "आठ काढा, बाई."

बाईंनी सुरेख गोल काढला. मग त्याच्यावरच दुसरा.

"हे शून्य झालं."

"मराठी आठ काढला तर चालेल?"

"इंग्रजीच लागतो. शेवटची संधी, नाहीतर महिन्याने या."

महिन्याने म्हणजे क्लास गेला. बाईंचा चेहरा उतरला. दिगंबररावांना ते बघवेना. ते तरातरा गेले आणि जमिनीवर आखलेल्या आठाच्या डावीकडच्या वर्तुळात मधोमध उभे राहिले.

"मंदा, माझ्याभोवती उलटी फीर. मी काही देव नाही."

"ते पस्तीस वर्षं माहीत आहे मला," बाई म्हणाल्या, आणि स्कूटी अलगद डावीकडे वळली.

"पास," सर्जेराव म्हणाले. त्यांनाही हसू आवरलं नाही.

दिगंबररावांचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ते लगबगीने स्कूटीवर पुढे बसले. "दमली असशील. घरी मी चालवतो."

"काका, तुमचं लायसन्स बघू जरा."

दिगंबररावांनी पाकिटातून ते ऐटीत काढलं. सर्जेरावांनी उलटसुलट करून पाहिलं. "हे नव्याण्णव साली संपलंय. सहा वर्षं झाली. आता पुन्हा परीक्षा द्यावी लागेल."

दिगंबरराव मुकाट्याने मागे सरकले. बाई पुढे बसल्या.

"सोमवारी क्लासहून आले की साडेनऊला आवारात या," त्या म्हणाल्या. "आणि शिकताना मध्ये मध्ये बोललेलं मला चालत नाही."