साळवेकाकांचा पाव फेरा

रविवारी सकाळी साडेआठला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी बोललेलं साळवेकाकांना चालत नाही. त्या वेळी ते गाडी ऐकत असतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. एकदा तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी जाता जाता विचारलं, "काय म्हणतेय गाडी?"

"आपण थांबलात तर सांगेल," काका म्हणाले.

काका सगळ्यांना 'आपण' म्हणतात, भंगारवाल्यालासुद्धा. सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात जन्म गेला, तिथली सवय. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत कार्बोरेटर असलेली गाडी आता त्यांची एकट्याचीच. ती माझ्याहून वयाने मोठी आहे आणि रविवारी हटकून दिसणारी एक खोड तिला आहे. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग एक आचका बसतो आणि मग ती पळते. काका याला बिघाड म्हणत नाहीत.

"विचार करतेय," म्हणतात. "सरकारी नोकराची गाडी आहे. वरून आदेश आला की लगेच हलायचं नसतं, हे तिला ठाऊक आहे."

कार्बोरेटरला एक छोटा स्क्रू असतो. पेट्रोल आणि हवा किती मिसळायची ते त्याच्यावर ठरतं. तो फिरवायला एक माणूस लागतो आणि पेडल दाबायला दुसरा. ते दुसरं काम पूर्वी साळवेकाकू करायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, आणि मला नाही म्हणता येत नसल्यामुळे ती जागा माझ्याकडे आली. आठवडाभर खराडीला संगणकासमोर बसायचं आणि रविवारी काकांच्या स्टिअरिंगमागे. उघड्या बॉनेटमुळे मला काही दिसत नसे, फक्त आवाज येई.

"पाव फेरा! दाबा, वैशालीताई. सोडा. अहो, पेडल आहे ते, झुरळ नाही!"

अर्ध्या तासाने "जुळलं" असं ऐकू येई आणि माझी सुटका होई.

एका रविवारी माझ्या लक्षात आलं, की सुरुवातीला गाडी छान चालत होती. काकांनी पाव फेरा दिला आणि मगच ती अडखळायला लागली. म्हणजे काकांना आता हे जमत नाही, वय झालं, असा निष्कर्ष मी काढून टाकला. असले निष्कर्ष काढायचाच मला पगार मिळतो.

पुढच्या आठवड्यात काका दोन दिवस बहिणीकडे साताऱ्याला गेले. गाडी रोज एकदा सुरू करायला किल्ली माझ्याकडे ठेवली होती. मी मंडईजवळचा एक मेकॅनिक बोलावला. त्याने सगळा कार्बोरेटर थिनरने धुऊन चकचकीत केला, स्क्रू लावून दिला, आणि गाडी लोण्यासारखी चालायला लागली. मी खूश होते.

काकांनी परत आल्यावर बॉनेट उघडलं. बराच वेळ आत वाकून पाहिलं.

"फार स्वच्छ झालंय," एवढंच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे मी जरा घाबरलेच.

त्या रविवारी साडेआठ वाजले, नऊ वाजले, हाक आली नाही. मी खाली गेले. काका बॉनेट उघडून नुसते उभे होते. स्क्रूड्रायव्हर खिशातच होता.

"इथे दोन ठिपके होते," ते म्हणाले. "एक स्क्रूच्या डोक्यावर, एक शेजारी. लाल नेलपॉलिशचे. मी दुपारपर्यंत इथेच रमायचो, म्हणून हिने चिडून लावले. म्हणाली, हे समोरासमोर आले की मुकाट्याने जेवायला वर यायचं."

"म्हणजे गाडी कधी बिघडलेलीच नव्हती?"

"तेव्हा बिघडली होती. हिने ठिपके लावले त्या दिवशी नीट झाली." काकांनी चष्मा पुसला. "नंतर मी थोडी बिघडवायचो आणि ठिपक्यांपर्यंत परत यायचो. आता कुठे परत यायचं, ते कळत नाही."

मला स्वतःचा फार राग आला. वर गेले. लाल नेलपॉलिश घरात नव्हतं, जे होतं ते घेऊन आले.

काकांनी बाटली उजेडात धरली. "जांभळं?"

"लाल नाहीये, काका."

"हिने नाक मुरडलं असतं." मग बाटली माझ्या हातात दिली. "लावा. पेडल दाबणाऱ्यानेच लावायचे असतात."

दोन्ही ठिपके जरा फिसकटले. ते वाळेपर्यंत काका हाताची घडी घालून शेजारी उभे राहिले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि चांगल्या चालणाऱ्या गाडीचा स्क्रू पाव फेरा फिरवला.

"बसा, वैशालीताई. विचार करतेय ती."

मी बसले आणि पेडल अगदी हळू दाबलं.