कपाटातला राऊटर

किमती वस्तू कुलपात ठेवावी, हे सत्य आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहे. (किमती वस्तू आमच्याकडे कधी नव्हत्या, कुलपे मात्र उत्तम होती.) त्यामुळे घरात वायफाय आले तेव्हा कुटुंबाचा तांत्रिक सल्लागार या नात्याने मी राऊटर लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. सल्लागारपदी माझी नेमणूक मीच केली होती. या पदासाठी दुसरा कुणी इच्छुक नव्हता.

कपाट बंद असले की घरात रेंज नसे. "अहो, दार उघडं ठेवा की त्याचं," बायको म्हणाली. सूचना फारच प्राथमिक स्वरूपाची असल्याने मी ती फेटाळली आणि दार उघडून ठेवले.

आता रेंज येऊ लागली, पण कपाटाच्या तोंडापुरती. साहजिकच सगळे कुटुंब तिथे सतरंजी टाकून बसू लागले. लेकीचा अभ्यास तिथे, बायकोचे ऑफिस तिथे, आईचे भाजी निवडणेही तिथेच. (आईला वायफाय लागत नाही. आम्ही तिथे होतो म्हणून ती बसे.) रविवारी लांब राहणाऱ्या बहिणीचा व्हिडिओ कॉल येई, तेव्हा लोंबणाऱ्या शर्टांच्या बाह्या बाजूला सारत आम्ही चौघे एका पडद्यात डोकी घालत असू. "दादा, सरक ना जरा, आई दिसत नाहीये!" बहीण ओरडे. मग आई दिसे आणि चित्र गोठे.

प्रगत घराला हे शोभणारे नव्हते. मी पाहणी केली. तीत शंभर टक्के सदस्य असमाधानी आढळले. (आई म्हणाली, "बरं चाललंय की." हे मत तांत्रिक कारणास्तव बाद ठरवले.) त्यानंतर राऊटर माळ्यावर गेला, फ्रिजवर गेला, रेंज परतवण्यासाठी त्याच्यामागे माझे ताट उभे केले, जेवणाच्या वेळी ते ताट काढले की सगळ्यांची रेंज जाई, म्हणून मी उपाशी राहणे पसंत करी. शेवटी प्रत्येक खोलीत रेंज वाढवणारा एकेक डबा बसवला. आज आमच्या न्हाणीघरातसुद्धा रेंज काठोकाठ आहे.

पुढच्या रविवारी बहिणीचा कॉल आला. चित्र आरशासारखे स्वच्छ.

"आई, एकटीच? बाकीचे कुठेयत?"

"आहेत ना गं, आपापल्या खोलीत. रेंज छान झालीय आता."

हे मी स्वतः ऐकले, कारण मीही त्याच कॉलवर होतो. शेजारच्या खोलीतून, कॅमेरा बंद ठेवून. मला लाज वाटली. उठावेसेही वाटले. पण दुसऱ्या पडद्यावर एक क्रिकेटचा सामना न अडखळता चालू होता, आणि हे आमच्या घरात प्रथमच घडत होते.

काल पाहिले तर आई रिकाम्या कपाटासमोर सतरंजी टाकून शेंगा सोलत बसली होती. कपाटाचे दार तिने उघडेच ठेवले होते.

"आई, इथं आता काही नाही," मी खोलीच्या दारातूनच म्हणालो.

"माहितीये रे. येतोस का जरा बसायला?"

"आलोच," मी म्हणालो. हे लिहून झाले की जाणारच आहे. तुम्हीही हे वाचून झाले की जाणारच असाल; मघाशी आतून हाक आली तेव्हा "आलोच" म्हणालात ना?