ओट्यावरची वाकडी ओळ

ओट्यावरच्या नव्या टाइल्स आपल्या नजरेखालीच लागल्या पाहिजेत, असं ज्योतीरामभाऊंनी ठरवलं आणि दिघीच्या त्यांच्या घरात घोळ सुरू झाला.

चाकणच्या एका कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. लोखंडी पट्टी सरळ आहे की वाकडी, हे ते डावा डोळा मिटून, उजव्याने नेम धरल्यासारखं बघून सांगायचे. (मोजायचा गेज शेजारीच पडलेला असे, पण गेजवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.) अलीकडे त्यांच्या रिजेक्टचा ढीग वाढला होता. "भाऊ, हल्ली सगळंच वाकडं दिसतंय का तुम्हाला?" असं सुपरवायझरने विचारलं, तर भाऊ दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी ते स्टूल टाकून ओट्यासमोर बसले. फरशीवाल्या कुलदीपने मधली ओळ लावली. भाऊंनी डावा डोळा मिटला.

"मधे पोट आलंय. काढ."

"काका, या लेव्हलच्या नळीत बघा ना. बुडबुडा बरोबर मधे आहे."

"तुझा बुडबुडा राहू दे. माझी वीस वर्षांची नजर आहे. ही वर घे. ती खाली. अजून थोडी."

तिसऱ्यांदा टाइल काढताना कुलदीपने भाऊंच्या बायकोकडे, शालनबाईंकडे पाहिलं. शालनबाईंनी चहा पुढे केला, दुसरं काय करणार? शेवटी त्याने लेव्हल पिशवीत टाकली आणि भाऊ म्हणतील तशी ओळ लावली.

"आता कशी सुतात आली!" भाऊ म्हणाले आणि कंपनीतल्या सवयीने कोपऱ्यातल्या टाइलवर हिरव्या मार्करने ओके लिहून खाली सही ठोकली.

शालनबाईंना ती ओळ बघून गरगरायला लागलं. पण त्या काही बोलायच्या आत भाऊंनी डावा डोळा मिटूनच खिडकीकडे बोट दाखवलं.

"हे ग्रिलपण वाकलंय बघ."

"अहो, हे ग्रिल तुम्हीच उभं राहून बसवून घेतलंय. दोन्ही डोळ्यांनी बघा."

"सरळ दिसतंय."

"आता उजवा झाका."

"सरळ."

"डावा झाका."

भाऊंनी डावा झाकला. उजव्या डोळ्यात ग्रिलच्या सळया शेवयांसारख्या वळल्या होत्या आणि मधोमध मळकट डाग होता. उजवा डोळा म्हणजे भाऊंची भाकरी. तो गेला तर कंपनी त्यांना कशाला ठेवील?

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या. शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती.

"डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल," बाई म्हणाल्या.

"म्हणजे डोळ्यासाठी. दंडात ना?"

"डोळ्यात."

भाऊंनी शर्टाची बाही वर केलीच होती. ती त्यांनी हळूच खाली घेतली.

"बधिर करायचे थेंब घालतो, सुई दिसत नाही," बाईंनी समजावलं. "एका इंजेक्शनने भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला यायचं, मग बघून ठरवू. अगदी पहिल्यासारखं होईलच असं नाही सांगत. पण बऱ्याच जणांना फरक पडतो, आणि आहे ती नजर राखता येते. शुगर मात्र तुम्ही सांभाळायची."

इंजेक्शनच्या दिवशी डोळा औषधाने धुतला, पापणीला चिमटा लावला. "वर बघा," बाई म्हणाल्या. भाऊंनी वर बघून सगळे देव आठवायला घेतले. तिसऱ्या देवापर्यंत पोचले, तोच थोडं दाबल्यासारखं वाटलं.

"झालं."

"काय झालं?"

"इंजेक्शन."

(उरलेल्या देवांना त्यांनी रिक्षात बसल्यावर नमस्कार केला.)

रात्री जेवताना भाऊ ताटावरून सारखा हात फिरवू लागले. "काय माश्या झाल्यात घरात!"

"माशी नाही ती," शालनबाई म्हणाल्या. " औषधाबरोबर हवेचा बुडबुडा जातो कधीकधी. बाईंनी सांगितलं नाही का? दोन दिवसांत जाईल. डोळा लाल दिसला तरी घाबरायचं नाही. पण दुखणं वाढलं किंवा दिसायचं कमी झालं, तर त्याच दिवशी पळायचं. आणि हात खाली! डोळा चोळायचा नाही."

पुढच्या महिन्यात भाऊ म्हणाले, "आता बरं दिसतंय. ओव्हरटाइम आहे, या खेपेला राहू दे."

"कंपनीत मशीनला तेल एकदाच घालता वाटतं?" शालनबाईंनी चप्पल घातलीसुद्धा.

तिसऱ्या इंजेक्शननंतर काही दिवसांनी सकाळी भाऊंनी डावा डोळा झाकून खिडकीकडे पाहिलं. डाग फिका झाला होता. ग्रिलच्या सळया सरळ! "शालन, अगं दिसतंय!" म्हणत ते स्वयंपाकघरात धावले, आणि ओट्यासमोर थबकले.

ओके केल्यापासून त्यांनी तिथे पुन्हा नीट पाहिलंच नव्हतं. मधली ओळ इंद्रायणीच्या पाण्यासारखी लाटा मारत होती. त्यांनी तावातावाने फोन लावला.

"कुलदीप, काय धंदा करून ठेवलाय हा? कोणी पास केलं असलं काम?"

"काका, कोपऱ्यात बघा. सही आहे पास करणाऱ्याची."

भाऊंनी फोन ठेवला आणि सही पुसायला फडकं ओलं केलं. शालनबाईंनी ते हातातून काढून घेतलं.

"राहू द्या. तुमचा डोळा बरा झाला की कुलदीपच्या पाया पडून सगळं नीट करून घ्यायचं, असं ठरवलं होतं मी. पण आता नको."

"का गं?"

"रोज सकाळी चहा घेताना एकेक डोळा झाकून या ओळीकडे बघायचं. वाकडी दिसली, तर तुमचं ठीक चाललंय." त्यांनी कप पुढे ठेवला, बिनसाखरेचा. "आणि ज्या दिवशी सरळ दिसेल, त्या दिवशी मला हाक मारा. रिक्षा बोलावते."